कूलंट जातंय कुठे?

सायनच्या सिग्नलला दुसऱ्यांदा इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढला, तेव्हा माझ्या जुन्या दोन सीटरची हौस फिटायची वेळ आली. दर आठवड्याला टाकीतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, पाव लिटर कमी, आणि खाली डाग शोधावा तर जुलैत मुंबईत गाडीखाली कोरडी जमीन असते कुठे? वॉचमनकाका म्हणाले, "एसीचं पाणी आहे ते, साहेब." बोट लावून पाहिलं. एसीचं पाणी नुसतं पाणी; हे बुळबुळीत, वर गोडसर वास. (चाखू नका, विषारी असतं.)

मिस्त्रीने इंजिन गार असताना रेडिएटरच्या तोंडाला प्रेशर टेस्टर लावला आणि झाकणावर छापलेल्या ०.९ बारपर्यंत हवा भरली. दहा मिनिटांत टेस्टरचा काटा खाली, म्हणजे गळती आहेच. होज ठणठणीत, क्लिपा घट्ट. टॉर्च मारली तर वॉटर पंपाच्या (कूलंट इंजिनभर फिरवणारा तो) पोटाखालच्या बारीक भोकातून हिरवट ओघळ, वाळून खरखरीत झालेला. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडतं. त्यावर एम-सील थापा म्हणणारेही भेटले! नको रे बाबा.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना पंप स्वस्तात मिळत होता, तरी नवाच घेतला. माझ्या गाडीत पंपासाठी टायमिंग बेल्ट काढावाच लागतो, म्हणून तोही बदलला. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. कूलंटच्या वाटेत अडकलेली हवा काढताना गाडीचं नाक चढावर, हीटर फुल. त्या उकाड्यात घाम मीच गाळला. दोन महिने झाले, टाकीवर मार्करने मारलेल्या रेघेवरच पाणी आहे.