डिजिटल रेंजफाइंडर वापरताना या चुका टाळा

माळेगावच्या खंडोबा यात्रेत, घोड्यांच्या बाजारात मी सलग अकरा फोटो काढले आणि अकराही काळे निघाले. लेन्सचं टोपण लागलेलंच होतं. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून पाहत नाही, बाजूच्या खिडकीतून पाहतो. म्हणून भंडाऱ्यानं पिवळी झालेली आयाळ मला शेवटपर्यंत लख्ख दिसत होती. आता टोपण घरीच राहतं. लेन्सवर फिल्टर आणि हूड पुरे.

खिडकी एक दाखवते आणि लेन्स दुसरंच टिपते, बहुतेक चुकांचं मूळ हेच. पण बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, बदलली की चूकही बदलते.

एप्सनचा आर-डी१ हा २००४ सालचा, पहिला डिजिटल रेंजफाइंडर. लायकाच्या एम मालिकेतल्या कॅमेऱ्यांत (एम८, एम९ हे त्यातलेच डिजिटल) लेन्स लावली की खिडकीत तिची चौकट, म्हणजे फोटोत किती येईल ते दाखवणाऱ्या रेषा, आपोआप येते. आर-डी१वर मात्र २८, ३५ की ५० मिलिमीटरच्या लेन्सची चौकट हवी, हे खटक्यानं स्वतः निवडायचं. लायकावरून आलेला माणूस इथे हमखास फसतो. शिवाय जुन्या फिल्म कॅमेऱ्यासारखा दर फोटोआधी लिव्हर ओढायचा. तो विसरलात तर शटर पडतच नाही.

सेन्सरचं मापही लक्षात घ्या. तो लहान असला की तीच लेन्स कमी रुंद दृश्य टिपते. ३५ची लेन्स आर-डी१वर साधारण ५३सारखी, एम८वर ४७सारखी वागते. एम९वर ती खरी ३५ असते. वेरूळच्या कैलास लेण्यात पाठ कातळाला टेकली की मागे सरकायला जागा नसते, तेव्हा हा फरक चांगलाच जाणवतो. आर-डी१ नेणार असाल तर २१ची लेन्स आणि वर बसवायचा वेगळा व्ह्यूफाइंडर सोबत घ्या.

एम८च्या चौकटी ०.७ मीटरवरच्या विषयासाठी आखलेल्या आहेत, एम९च्या १ मीटरवरच्या. लांबचा विषय चौकटीत नेमका बसवला की फोटोत कडेचं बरंच जास्तीचं येतं. एम८वर तर मी चौकटीबाहेरचंही थोडं धरूनच चालतो.

एम८चा सेन्सर इन्फ्रारेड प्रकाशही पकडतो. काळी छत्री, सिंथेटिक बुरखा, शाळेचं दप्तर जांभळट दिसतं. यूव्ही-आयआर फिल्टर लावाच. हा रंग नंतर संगणकावर नीट निघत नाही.

सगळ्यात जास्त जपायचं ते फोकस. खिडकीच्या मधल्या चौकोनात विषयाच्या दोन प्रतिमा दिसतात, त्या एकमेकांवर बसवल्या की फोकस होतो. खराब रस्त्यावर मोटारसायकलनं कॅमेरा नेला की ही जुळणी हलू शकते. रात्री लेन्स अनंतावर ठेवून चंद्र पाहा: त्या चौकोनात दोन चंद्र एकमेकांवर बसले पाहिजेत. मग मीटरभरावर वर्तमानपत्र तिरपं ठेवा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि एका ओळीवर फोकस करून फोटो घ्या. दुसरी ओळ स्पष्ट आली तर तीच चाचणी दुसऱ्या लेन्सनं करा. दोन्ही लेन्स सारख्याच चुकल्या तर दोष बॉडीत, एकच चुकली तर त्या लेन्समध्ये. ही जुळणी ठरवणाऱ्या आतल्या रोलरचा स्क्रू मात्र स्वतः फिरवू नका. जाणकार कारागिराकडे कॅमेऱ्यासोबत ती लेन्स आणि हे चाचणीचे फोटोही द्या.