अल्झायमर असलेल्या आईला डिप्रेशनची गोळी लिहून दिली, आता काय बघायचं

अल्झायमरच्या डोनेपेझिल या गोळीच्या खाली डॉक्टरांनी सर्ट्रालिन किंवा एस्सिटॅलोप्रॅम ही डिप्रेशनची गोळी लिहिली की घरात दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते आता विसरणं कमी होईल, दुसरी म्हणते असल्या गोळ्यांनी मेंदू बाद होतो, देऊच नका. दोघंही चुकतात. ही गोळी मूडसाठी आहे, आठवणीसाठी नाही.

बरं, या गोळीने मेंदूतला अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये साठणारं प्रथिन, कमी होतो अशी बातमी फिरते, ती अगदीच हवेतली नाहीये. २०१४ ला अमेरिकेत सिटॅलोप्रॅमवर (याच जातीची गोळी) काम झालं, उंदरांमध्ये अमायलॉइडच्या गुठळ्यांची वाढ मंदावली आणि निरोगी माणसांच्या मणक्यातल्या पाण्यात तो कमी तयार होताना दिसला. पण ती माणसं निरोगी होती ना! २०११ ला ब्रिटनमध्ये अल्झायमर आणि डिप्रेशन दोन्ही असलेल्या ३२६ जणांवर सर्ट्रालिन, मिर्टाझापीन (डिप्रेशनचीच दुसरी गोळी) आणि औषध नसलेली खोटी गोळी अशी ट्रायल झाली, तर डिप्रेशनमध्ये तिन्ही गटांना जवळपास सारखाच फरक पडला, साइड इफेक्ट मात्र खऱ्या गोळीवाल्यांना जास्त. उलट २०२५ मध्ये स्वीडनच्या १८ हजारांवर पेशंटच्या नोंदींत गोळी घेणाऱ्यांची स्मरणशक्ती जरा लवकर घसरलेली दिसली, पण आजार जास्त बिघडला म्हणूनच गोळी दिली असंही असू शकतं, त्यामुळे त्यावरून घाबरून गोळी बंद करू नका.

डॉक्टरांकडे जायच्या आधी काही दिवस वहीत लिहा: झोप, जेवण, रडणं, काय बोलते. आई दिवसभर गप्प बसते पण सोमेश्वरच्या देवळात नेलं की खुलते, दुःखी वाटत नाही, नुसतं काही करावंसंच वाटत नाही, तर तो बऱ्याचदा अल्झायमरचाच निरुत्साह असतो आणि त्याला या गोळ्या फारशा लागू पडत नाहीत. "मी गेलेली बरी" असं म्हणत असेल तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रात्रीबेरात्री टेली मानस १४४१६ आहेच, फुकट.

जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, सगळ्या म्हणजे सगळ्या. पाय दुखतात म्हणून कुणीतरी कधीकाळी दिलेली अमिट्रिप्टिलीन (डिप्रेशनचीच जुनी गोळी) अजून चालू असते, आणि ती डोनेपेझिलच्या बरोब्बर उलटं काम करते. सिटॅलोप्रॅम असेल तर साठीनंतर दिवसाला २० मिग्रॅच्या वर जात नाहीत, आणि ईसीजी काढायचा का ते विचारा.

सगळ्यात जास्त लक्ष सोडियमवर ठेवा. गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत आई अचानक जास्त गोंधळली, सुस्तावली, तोल जायला लागला तर "आजार वाढला" म्हणून बसू नका, रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं, विशेषतः बीपीसाठी लघवी होणारी गोळी चालू असेल तर. साधी रक्त तपासणी आहे, कुठल्याही लॅबमध्ये होते. अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर रक्तस्रावाचंही विचारून घ्या. आणि पंचवटीतल्या जुन्या वाड्यात राहत असाल तर रात्री बाथरूमच्या वाटेवर लाइट चालू ठेवा, उंच उंबरठे आणि ही गोळी म्हणजे पडायची पूर्ण तयारी.

फरक कळायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून पहिल्याच भेटीत विचारा की परत कधी बघणार आणि उपयोग नाही झाला तर बंद कशी करणार. बंद करताना डोस हळूहळू उतरवतात, मेडिकलमध्ये स्टॉक नाही म्हणून चार दिवस गोळी चुकवणं तेवढं टाळा, स्ट्रिप संपायच्या आठवडाभर आधीच सांगून ठेवा.