कोल्हापुरातून आंबोलीचं धुकं आणि शिरोड्याचा किनारा: दोन दिवसांत कसं जमवायचं

जून-जुलैत आंबोलीला दणकून पाऊस असतो, पण समुद्र खवळलेला आणि ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. दोन्ही हवं असेल तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य गाठा.

पहाटे साडेपाचला निघून निपाणी, उत्तूर, आजरामार्गे जा. घाटात धुकं दाटलं की अप्पर लावू नका. उजेड थेंबांवर आपटून परत डोळ्यांवर येतो. डिपर आणि फॉग लॅम्प पुरे. काच आतून धुरकटली तर एसी सुरू करून हवा काचेवर सोडा.

जंगलात कोल्हापुरी चप्पल नको, भिजली की संपली. बूट घाला, पँट मोज्यात खोचा, मोज्यांना तंबाखूचं पाणी लावा. जळू चिकटलीच तर ओढायची नाही. नख कातडीलगत सरकवून तोंड सोडवायचं. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, म्हणून जखम बराच वेळ वाहते. स्वच्छ कापड दाबून धरा, घाबरण्यासारखं काही नाही.

बेडूक रात्री बघा, पण हात लावू नका: डासांचं मलम त्यांच्या त्वचेतून आत जातं. आंबोलीतल्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडात पायसुद्धा घालू नका. तिथला छोटा मासा २०२० मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंदला गेलाय.

दुसऱ्या दिवशी सावंतवाडीवरून शिरोड्याला उतरा. पोहायचं तर भरतीच्या वेळा स्थानिक मच्छीमारांना विचारून, कंबरेपर्यंतच. ओले बूट मात्र गाडीत कोंडून ठेवू नका, परतीचा वास सोसवत नाही.