वजनाच्या ऑपरेशननंतर पोट भरल्याचं कळत नाही? या चुका टाळा

मालवणात माझी खाणावळ आहे. अठरा वर्षं दुसऱ्यांची पोटं भरली आणि स्वतःचं पोट कधी भरतं ते मात्र सेहेचाळिसाव्या वर्षी नव्याने शिकावं लागलं. अडीच वर्षांपूर्वी कोल्हापुरात माझं स्लीव्हचं ऑपरेशन झालं. यात जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी तेवढी ठेवतात. सुरुवातीला तिच्यात 100 ते 150 मिली मावतं. थाळीत सोलकढीची वाटी असते ना, तेवढंच. जठराचं बायपास हे वजनाचंच दुसरं ऑपरेशन, ते झालेल्यांची जठराची पिशवी त्याहून लहान, 30 मिलीच्या आसपास, म्हणजे दोन मोठे चमचे.

किती खायचं ते डाएटिशियन कागदावर लिहून देते. कुठे थांबायचं ते अंगवळणी पडायला मला चार महिने लागले, आणि तेवढ्या काळात कितीदा तरी मागच्या मोरीवर ओणवं उभं राहावं लागलं. पुढे आमच्या भागातल्या आणखी तिघांचं ऑपरेशन झालं. तिघांचेही फोन आले. ऐकलं तर सगळ्या माझ्याच चुका.

जुन्या खुणेची वाट बघणं

सगळ्यात मोठी चूक हीच, बाकीच्या बऱ्याचशा हिच्यातूनच निघतात.

ऑपरेशनच्या आधी माझ्या लेखी पोट भरणं म्हणजे तड लागणं. बेंबीच्या आसपास जड झालं, परकराची नाडी सैल करावीशी वाटली, ढेकर आली, डोळ्यांवर झापड आली की जेवण झालं. आता ती खूण यायची नाही, कारण ताणून फुगणारी ती मोठी पिशवीच राहिलेली नाही. उरलेली नळी वर, बरगड्यांच्या आडोशाला. ती भरली की कळतं ते छातीत, गळ्यात, आणि कुणाकुणाला चक्क नाकात. पोटात जड वाटेपर्यंत खात राहिलात तर अन्न तोवर वर चढलेलं असतं.

त्यात पहिले काही आठवडे आतली सूज उतरलेली नसते, नसाही दुखावलेल्या असतात, त्यामुळे धड काही जाणवत नाही. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. म्हणजे भूक लागत नाही आणि भरल्याचंही कळत नाही. या दिवसांत ‘मला वाटेल तेव्हा थांबेन’ हे चालत नाही. वाटीने मोजायचं, मोजलेलं संपलं की उठायचं. जाणिवेवर भरवसा नंतर ठेवता येतो.

माझी खूण मला सातव्या आठवड्यात सापडली. कमी तिखटाची मुडदुशांची कढी केली होती, मऊ मासा, काटे काढून घेतलेले, बरोबर दोन चमचे गुरगुट्या भात. चहाच्या चमच्याने खात होते. सातव्या घासाला एक मोठा उसासा आला. दमलेलं माणूस सोडतं तसा, आपोआप. दिवसभर उभी असते, त्याचाच असेल म्हणून सोडून दिलं आणि आठवा घास घेतला, मग नववा. छातीच्या मधोमध कुणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं झालं. तोंडात लाळ सुटायला लागली, ती थांबेचना, फेसासारखी. पाऊण तास मोरीवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा सातव्या-आठव्या घासाला उसासा आला तेव्हा डोक्यात उजेड पडला.

प्रत्येकाची खूण वेगळी असते. कुणाला एकच उचकी येते. कुणाला शिंक. कुणाच्या डाव्या खांद्यात क्षणभर कळ येते, कुणाला छातीच्या हाडाखाली दडपण. माझ्या ओळखीतल्या एकांचं नाक वाहायला लागतं. आता मालवणी माणसाचं नाक जेवताना वाहतंच, मसाल्याचं की पोटाचं हे कसं ओळखायचं? त्यांनी चार दिवस नुसता मऊ भात आणि उकडलेलं अंडं खाल्लं. तरी नाक आलंच. तेव्हा खात्री पटली.

खूण शोधायची तर दोन आठवडे लिहून काढा. मी बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहायची: काय खाल्लं, किती घास, शेवटच्या दोन घासांना काय झालं. इतकंच. पंधरा दिवसांत एकच गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. एकदा ओळखली की खूण आलेला घास हाच शेवटचा. ‘हा एवढाच राहिलाय’ म्हणून पुढचा घेतला की मोरी गाठावी लागते, हे मी शंभरदा करून पाहिलंय.

भरभर जेवणं, आणि तासभर जेवणं

पोटाकडून मेंदूला निरोप पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, हे धडधाकट पोटालाही लागू आहे. पण मोठ्या पोटात त्या पंधरा मिनिटांत चार घास जादा गेले तर खपून जातात, वाटीएवढ्या पोटात खपत नाहीत. खाणावळवाल्यांची जेवायची पद्धत तर विचारूच नका, उभ्याने, एक डोळा गिऱ्हाइकावर. मी ते बंद केलं. बसून, लहान चमचा, घास तोंडात असेपर्यंत चमचा ताटात ठेवायचा. चावताना सुरुवातीला मोजा. वीस-पंचवीस वेळा चावून घासाची पेस्ट झाली पाहिजे.

याच्या अगदी उलट चूकही होते. हळू खायचं म्हणून एक बाई तास-तासभर ताट घेऊन बसायच्या, आणि आपल्याला कधी भरतच नाही म्हणून खूश होत्या. भरणार कसं? वरून घालताय तोवर खालून रिकामं होतंय. अर्ध्या तासाच्या आत जेवण आटोपा. उरलं तर उरलं.

जेवताना सोलकढी

हे लिहिताना माझ्याच पोटावर पाय येतोय, पण जेवणाबरोबर सोलकढी नको. ताक नको, पाणीही नको. पातळ पदार्थ अन्नाला खाली ढकलतो, नळी लगेच मोकळी होते आणि भरल्याची खूण येतच नाही. तासाभरात पुन्हा काहीतरी खावंसं वाटतं. जेवण झाल्यावर निदान तीस मिनिटं थांबा, मग घोट घोट प्या. दिवसाचं दीड-दोन लिटर पाणी मधल्या वेळात भरून काढायचं असतं. मी सोलकढी चारच्या सुमारास पिते, नारळाचा रस पातळ घालून. सोडा आणि फसफसणारी सरबतं मात्र पूर्ण बंद. त्या हवेने पोट फुगतं आणि खरी खूण कुठली तेच कळेनासं होतं.

पेजेचं काय, असं हमखास विचारतात. पातळ आहाराच्या दिवसांत गाळलेल्या पेजेने मला तारलं. पण घट्ट खाणं सुरू झाल्यावर वाडगाभर पेज हे जेवण होत नाही. ती सरकन उतरते, त्यात प्रोटीन नावापुरतं. कुळथाची पिठी जरा घट्टसर करून वाटीत घ्या, चमच्याने खा, ते बरं.

सरकून जाणारे पदार्थ

खारी, बटर, बिस्किट, चिवडा, पापड, आइस्क्रीम, आंबापोळी, जत्रेतलं खाजं. हे तोंडात विरघळतं किंवा भुगा होऊन खाली जातं, नळीत थांबत नाही. मासा किंवा उसळ चार चमचे खाल्ली तर उसासा येतो, आणि त्याच पोटात अख्खा बटरचा पुडा बिनबोभाट मावतो. ‘मला तर सगळं खाता येतं’ असं सहाव्या महिन्यात कुणी सांगितलं की मी आधी चहाबरोबर काय खाता ते विचारते. बायपास झालेल्यांना गोडाने वेगळाच त्रास होतो: अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळा. त्याला डम्पिंग म्हणतात. मोदकाच्या दिवसांत लक्षात ठेवा.

आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर भात-भाकरी. दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन लागतं, तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तो धरा. 100 ग्रॅम माशात 18 ते 20 ग्रॅम मिळतं, त्यामुळे किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी रडू नये. फक्त मासा रश्शातला किंवा वाफवलेला. रव्यात कडक तळलेली सुरमई आणि सुकं चिकन हमखास अडकतात.

आणि चव बघणं! माझी ही चूक पकडायला डाएटिशियनला दोन भेटी लागल्या. सकाळपासून हातावर आमटी, हातावर रस्सा, एक कोळंबी शिजली का बघायला, एक वडा फुगला का बघायला. दुपारी जेवायला बसले की तीन घासांत उसासा, आणि वजन तिथल्या तिथे. दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकत राहिलं की भरणं आणि रिकामं होणं यातला फरकच पुसला जातो. आता मीठ-तिखट भाची बघते. पहिला आठवडा आमटी खारट झाली, गिऱ्हाइकांनी सांभाळून घेतलं.

आग्रहाला बळी पडणं

गौरी-गणपतीत सासूबाईंनी माझ्या ताटात बघून म्हटलं, “येवढासाच? मांजर पण ह्याच्यापेक्षा जास्ती खाता.” आणि उत्तराची वाट न बघता वाढलं. मी ऑपरेशन, नळी, मिली सगळं समजावून सांगितलं. काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या वर्षी काही न समजावता बशी घेतली, स्वतः वाढून घेतलं, खूण आल्यावर बशीवर आडवा हात धरला आणि म्हटलं, “बस झाला माका. मोदक डब्यात भरून द्या.” डबा मिळाला की वाढणाऱ्याचंही समाधान होतं. ताटात टाकू नये ही शिकवण हाडात मुरलेली आहे, तर सुरुवातीलाच कमी घ्या.

भरलं, अडकलं की जळजळतंय?

या तिन्हींत घोळ होतो. भरल्याची खूण सौम्य असते आणि थांबलं की दहा-पंधरा मिनिटांत विरते. अडकलं असेल तर छातीत दुखतं, लाळ सुटते, उलटी झाली की एकदम बरं वाटतं. अशा वेळी वरून पाणी ओतून ढकलू नका. चमचा खाली ठेवा, उठून सावकाश चाला, वाट बघा. त्या दिवशी पुढचं खाणं पातळच घ्या.

जळजळ मात्र फसवते. स्लीव्हनंतर आम्लपित्त बऱ्याच जणांना होतं, आणि पोटात कुरतडल्यासारखं झालं की ती भूक वाटते. जेवून दीड तास झाला नाही तोवर ‘भूक’ लागली, खाल्लं की जरा थांबली आणि परत आली, तर आधी आम्लाचा संशय घ्या आणि डॉक्टरांना सांगा. कधी कधी ती नुसती तहान असते. चार घोट पाणी पिऊन दहा मिनिटं थांबल्यावर कळतं.

काही गोष्टी घरी निस्तरायच्या नाहीत. पाण्याचा घोटही टिकत नसेल, दिवसभर उलट्या होत असतील, ताप, नाडी जोरात, पोटात सतत दुखणं, किंवा खांद्याची कळ जेवण थांबवूनही जात नसेल, तर सर्जनला त्याच दिवशी फोन करा. जठराच्या शिवणीतून गळती किंवा नळी आक्रसणं असू शकतं. उलट्या लांबल्या तर शरीरातलं बी-1 जीवनसत्त्व संपतं आणि त्याचा परिणाम नसांवर, मेंदूवर होतो. आपल्याकडे त्यात घाटाची भर असते. माझा सर्जन कोल्हापुरात, म्हणजे फोंडा घाट चढून. जुलैच्या पावसात रात्री अकराला निघण्यापेक्षा दुपारी तीनला निघालेलं बरं. सकाळपर्यंत बघू, असं म्हणत बसू नका. तेवढा वेळही नसेल तर जवळच्या दवाखान्यात आधी सलाईन लावून घ्या, आणि कुठलं ऑपरेशन झालंय ते तिथे पहिल्याच वाक्यात सांगा.

वर्षानंतरची चूक

साधारण वर्षाच्या आसपास भूक परत येते, घासही वाढतात. हे होणारच, नळी थोडी सैलावते. घाबरून ‘माझं ऑपरेशन फुकट गेलं’ म्हणणारे असतात, तसेच ‘बघू तरी किती मावतं’ म्हणून रोज दोन घास पुढे जाणारेही. दुसऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. खूण बंद पडत नाही, हळू आवाजात बोलायला लागते, आणि टीव्ही किंवा मोबाइल समोर असला की ऐकूच येत नाही. तेव्हा पुन्हा आठवडाभर बिलबुकाची पानं काढा.

काल गिऱ्हाइकं उठल्यावर अडीचला जेवायला बसले. सरंग्याचा एक तुकडा, चमचाभर वालाची उसळ, अर्धी भाकरी. चौदाव्या घासाला उसासा आला. भाकरी जवळजवळ तशीच राहिली, ती झाकून ठेवली, चारला खाईन म्हणून. संध्याकाळी भांडी आवरताना भाची ताटली हातात घेऊन विचारत होती, “मावशे, ही भाकरी कोणाची गे?”