उपग्रहावरून हवेचं तापमान: सुरुवात काउंटपासून करा

या कामाला लागले त्या पहिल्याच महिन्यात मला वातावरणात एक नवा पट्टा सापडला, असं वाटलं. उपग्रहावरच्या उपकरणाच्या ५३.६ गिगाहर्ट्झच्या चॅनेलचा, म्हणजे त्या वारंवारतेवरच्या मापनांचा, नकाशा काढला होता. उपग्रहाच्या मार्गाखाली मधोमध ऊब, आणि दोन्ही कडांकडे गार होत गेलेली हवा. प्रत्येक प्रदक्षिणेत तेच चित्र. दोन दिवस मी त्यावर टिपणं लिहिली. मॅडमनी नकाशा पाहिला आणि एवढंच विचारलं, "कडेला उपकरण किती तिरकं बघतं गं?"

उत्तर होतं, जवळजवळ ४८ अंश. तिरक्या रेषेत हवेचा थर जास्त जाड लागतो, त्यामुळे खालच्या हवेतून निघालेला किरणोत्सर्ग वाटेतच शोषला जातो आणि उपकरणापर्यंत पोचतो तो अधिक उंचावरचा. तपांबरात उंचीबरोबर तापमान उतरतं, म्हणून कडा गार. माझा पट्टा वातावरणात नव्हताच, तो बघण्याच्या कोनात होता. नव्याने येणाऱ्यांना मी हा किस्सा आधी सांगते, कारण या क्षेत्रातल्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात: उपकरणाची गोष्ट हवेच्या नावावर खपून जाते.

मूळ कल्पना मात्र सुंदर आहे आणि ती नीट पचवायला वेळ द्या. ऑक्सिजनचे रेणू ५० ते ६० गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ऊर्जा शोषतात आणि तिथेच ती बाहेरही टाकतात. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण जवळपास सगळीकडे सारखंच, साधारण २१ टक्के. म्हणजे ऊर्जेतला फरक प्रमाणामुळे आला की तापमानामुळे, हा घोळच उरत नाही. किती ऊर्जा येते ते मुख्यतः हवा किती गरम आहे त्यावर ठरतं. पट्ट्याच्या मध्याजवळ शोषण इतकं तीव्र असतं की फक्त स्थितांबरातलं दिसतं, आणि कडेच्या ५०-५२ गिगाहर्ट्झला जमिनीपर्यंत नजर पोचते. वारंवारता निवडली की उंची निवडली. शिवाय पाऊस नसलेल्या ढगांतून हे बरंचसं आरपार दिसतं. अवरक्त उपकरणांना ते जमत नाही.

पण एक चॅनेल म्हणजे एक उंची नव्हे. प्रत्येक चॅनेलचं वेटिंग फंक्शन, म्हणजे कुठल्या उंचीच्या हवेचा मापनात किती वाटा ते सांगणारा वक्र, कित्येक किलोमीटर जाडीचं असतं. 'या चॅनेलने ५ किलोमीटरवरचं तापमान मोजलं' असं वाक्य कुणी लिहिलं तर थांबा. आपल्या हातात असते ती एका जाड थराची वजनानुसार काढलेली सरासरी, आणि तिचं नाव ब्राइटनेस टेंपरेचर.

आता माझा मुख्य आग्रह. तयार, जाळीवर बसवलेल्या मासिक आकड्यांपासून सुरुवात करू नका. काउंटपासून, म्हणजे उपकरणाने नोंदवलेल्या कच्च्या आकड्यांपासून करा. रेडिओमीटर, म्हणजे हा किरणोत्सर्ग मोजणारं उपकरण, तापमान देत नाही, तो काउंट देतो. दर फेऱ्याला आरसा पृथ्वीकडे बघून झाल्यावर दोन ओळखीच्या जागांकडे वळतो: रिकाम्या अवकाशाकडे, जिथे तापमान सुमारे २.७ केल्व्हिन, आणि उपग्रहावरच्याच गरम लक्ष्याकडे, ज्याचं तापमान प्लॅटिनमच्या रोध-तापमापकांनी सतत मोजलेलं असतं. या दोन बिंदूंमधून रेघ काढली की मधल्या काउंटचं तापमान मिळतं. प्रत्यक्षात रेघ किंचित वाकलेली असते, तिची दुरुस्ती वेगळी.

हे मी पहिल्यांदा हाताने केलं तेव्हा काही फेऱ्यांत सगळी पृथ्वी थोडी गार येत होती. चार दिवस कोडमध्ये चूक शोधली. चूक कोडमध्ये नव्हती. त्या वेळी अवकाशाकडे वळलेल्या नजरेत चंद्र आला होता. 'थंड' बिंदू थंड राहिला नव्हता, आणि मी मात्र त्याला २.७ केल्व्हिन धरून बसले होते. त्या दिवसापासून अवकाशाचे काउंट आधी आलेखावर पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही.

दीर्घकालीन कल अभ्यासायचा असेल तर हीच शिस्त दसपट लागते. अशा रेडिओमीटरच्या तीन पिढ्या झाल्या: १९७८ मध्ये टायरॉस-एन उपग्रहावर चार चॅनेलचं एमएसयू गेलं; १९९८ मध्ये नोआ-१५ वर १५ चॅनेलचं एएमएसयू-ए आलं; २०११ मध्ये सुओमी एनपीपीवर २२ चॅनेलचं एटीएमएस. हे सगळे तुकडे जोडून एक मालिका करायची, आणि शोधायचा तो दशकाला केल्व्हिनच्या दशांशातला बदल. हवामान अंदाजासाठी बनवलेली ही उपकरणं त्या कामासाठी नव्हतीच. उपग्रह हळूहळू खाली येतो, त्यामुळे बघण्याचे कोन बदलतात. वेगवेगळ्या कोनांच्या फरकातून काढलेल्या खालच्या तपांबराच्या मालिकेत यामुळे खोटी घट शिरते, हे वेन्ट्झ आणि शाबेल यांनी १९९८ मध्ये दाखवलं. कक्षा सरकली की एकाच जागेवरून जायची स्थानिक वेळ बदलते, आणि दुपार-संध्याकाळचा फरक हवामानबदलासारखा दिसू लागतो. एकाच कच्च्या मापनांवरून वेगवेगळ्या गटांच्या मालिका वेगळा कल का देतात, याचं बरंचसं उत्तर या दुरुस्त्यांमध्ये आहे. कोणाचा आकडा आपल्याला आवडतो यावर वाद घालण्यापेक्षा दोघांच्या दुरुस्त्या शेजारी ठेवून वाचा. त्याच मालिकांत १९९१ च्या पिनाटुबो उद्रेकानंतर स्थितांबर तापल्याचा उंचवटा स्वच्छ दिसतो. तो पहिल्यांदा स्वतः काढून पाहिला तेव्हा मला या कामाचं खरं वेड लागलं.

प्रोग्रामिंग येत नसेल तर शिकाल, त्याची काळजी नको. प्रारण-संक्रमणाचं, म्हणजे हवेतून जाताना किरणोत्सर्ग कसा शोषला आणि उत्सर्जित होतो त्याचं, समीकरण मात्र कागदावर सोडवून बघा. तेच गणित संगणकावर करणारं आरटीटीओव्हीसारखं तयार मॉडेल त्यानंतर चालवा.

पहिला स्वाध्याय म्हणून एएमएसयू-ए ची एकच प्रदक्षिणा घ्या. काउंटपासून तापमान काढा आणि फाइलमधल्या आकड्याशी ताडून पाहा. जुळलं नाही तर आधी रेघेच्या वाकाची दुरुस्ती तपासा. तरीही थोडा फरक उरला, तर फाइलमधला आकडा अँटेना टेंपरेचर आहे की ब्राइटनेस टेंपरेचर ते बघा. अँटेनाला मुख्य झोताच्या बाजूनेही थोडं दिसतं, अवकाश आणि खुद्द उपग्रहाचा सांगाडासुद्धा, आणि ते वजा केलेलं आहे की नाही यावर उरलेला फरक अवलंबून असतो.