घातांकी फलाची अनंतस्पर्शी रेषा कशी ओळखावी

घातांकांचे नियम पाठ आहेत आणि आलेख काढता येतो, असं धरून चालतो. अनंतस्पर्शी रेषा म्हणजे आलेख जिच्या हवा तितका जवळ जात राहतो ती सरळ रेषा. (^ ही खूण घातासाठी.)

घातांकी फल, म्हणजे ज्यात क्ष घातात असतो असं फंक्शन, आधी य = अ × ब^क्ष + क या रूपात आणा. अ शून्य नको. ब धन हवा, पण १ नको. मग आडवी अनंतस्पर्शी रेषा य = क. उभी रेषा शोधत बसू नका, ती नसतेच. क्षची कुठलीही किंमत इथे चालते.

आता खरी अडचण. ‘आलेख जिला कधीच शिवत नाही ती अनंतस्पर्शी’ हे वाक्य वहीत असेल तर आजच खोडा. य = २^क्ष चा आलेख य = −१०० या रेषेलाही कधी शिवत नाही, मग तीही अनंतस्पर्शी का? मुळीच नाही. बघायचं ते आलेख आणि रेषा यांच्यातलं अंतर. ते हवं तितकं लहान होत गेलं पाहिजे. क्ष = −१० ला २^क्ष ची किंमत १/१०२४ येते, −२० ला एक दशलक्षांशाहूनही कमी. म्हणून रेषा य = ०, आणि तीही फक्त डावीकडे; उजवीकडे आलेख सुसाट वर जातो. ब एकाहून लहान असेल तर बाजू उलटते.

भुसावळचा मे महिना घ्या, हवा ४४ अंश. ९२ अंशांचा चहा ठेवला आणि हवेशी असलेला फरक दर दहा मिनिटांनी निम्मा होतो असं माना: ९२, ६८, ५६, ५०. नुसते हे आकडे बघून मुलं बेधडक य = ० लिहितात. प्रत्येकातून ४४ वजा करा: ४८, २४, १२, ६. निम्मं होतंय ते हे, म्हणून रेषा य = ४४. बारावीला न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम येतो, तिथेही हेच करायचं. फ्रिजमधलं १२ अंशांचं पाणी त्याच हिशोबाने २८, ३६, ४० असं चढतं. रेषा तीच, फक्त अ ऋण (−३२) असल्याने आलेख तिच्या खालून येतो.

घातातल्या बेरजेला मात्र फसू नका. २^(क्ष + ३) म्हणजे ८ × २^क्ष; क इथे शून्यच, रेषा य = ०.

काढताना आधी तुटक रेषा, मग वक्र. मोबाइलच्या पडद्यावर दोन्ही एकमेकांत मिसळलेल्या दिसल्या तर झूम करा, फट दिसेल.