लेसची भोकं दिसली पाहिजेत

जुन्या पेहरावातला पोर्ट्रेट मी पहिल्यांदा काढला, तेव्हा पांढऱ्या ब्लाउजवर पांढऱ्याच लेसची कॉलर शिवली होती आणि उजेड थेट समोरून घेतला होता. फोटोत गळ्यापाशी नुसता चुन्याचा पट्टा उमटला. विणलेली फुलं, पानं, सगळं गायब. लेस दिसते ती तिच्या भोकांमुळे, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून लेसखाली गडद कापड लावा: कॉफी रंग, गडद निळा, किंवा नुसती त्वचा. पांढरंशुभ्र नको. नवी सुती लेस फार पांढरी वाटली तर चहाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवा. सायीचा रंग येतो. जुन्या लेसवर मात्र हा प्रयोग करू नका.

काळ एकच धरा. १९०१ ते १९१० हा एडवर्डियन काळ मला आवडतो: हनुवटीपर्यंत उंच कॉलर, पुढून सैल फुगलेला ब्लाउज, वर बांधलेले मऊ केस. कॉलर गळ्यावर कोसळते, तेव्हा आतून दोन पातळ प्लॅस्टिकच्या पट्ट्या उभ्या टाचा. मॉडेलला नेलपॉलिश आणि घड्याळ काढायला सांगा.

खरं काम उजेडाचं. एकच खिडकी ठेवा, बाकी दिवे बंद. खिडकी मॉडेलच्या खांद्याच्या रेषेत, जराशी पुढे हवी. उजेड लेसवरून तिरका घसरत गेला की प्रत्येक धाग्याची सावली शेजारच्या भोकात पडते. दुसऱ्या बाजूला काळी चादर टांगा, नाहीतर भिंतीवरून परतणारा उजेड त्या सावल्या पुसून टाकतो.

मागचं सगळं गडद असलं की कॅमेरा फसतो, चित्र उजळवायला जातो आणि लेस जळते, म्हणजे नुसती पांढरी होऊन तिची नक्षी पुसते. मी एक्स्पोजर एक स्टॉप खाली, म्हणजे उजेड निम्मा, ठेवते आणि रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढते. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्स, तिचं छिद्र एफ/२.८, अंतर दीड मीटर असेल, तर जेमतेम पाच सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येते. फोकस जवळच्या डोळ्यावर. कॉलरही हवी असेल तर छिद्र लहान करून एफ/४ वर जा.

एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना १८६३ मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी, लेकीकडून कॅमेरा भेट मिळाला. त्यांनी टिपलेल्या चेहऱ्यांवरचा मऊपणा मी तासन्‌तास पाहते. त्या काळी फिल्मऐवजी वापरायच्या त्या ओल्या कोलोडियन (चिकट रासायनिक द्रवाचा थर दिलेल्या) काचांना निळा उजेड कळायचा, लाल जवळजवळ नाही. म्हणून ओठ गडद यायचे. कृष्णधवल करताना लाल आणि नारिंगीचे स्लायडर थोडे खाली ओढा, निळा वर. तोच भाव येतो.

‘हसू नका’ असं सांगू नका, चेहरा ताठरतो. श्वास हळू सोडायला सांगा. खांदे उतरतात, पापण्या जड होतात. तेव्हा शटर दाबा.

काम झालं की कच्चे टाके कात्रीने कापा, ओढू नका. लेस घडी न घालता मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा. घडीवरच धागे आधी तुटतात.